दिवा गावाचा, कळ कुणाच्या हाती?

महिन्याकाठी न चुकता घरी येणारा एक कागद आपण सगळेच बघतो आणि बहुधा कुणीच वाचत नाही. तो म्हणजे विजेचे बिल. रक्कम किती आणि शेवटची तारीख कोणती, एवढे पाहिले की तो कागद खिळ्याला टोचायचा. आता तो पुष्कळांच्या मोबाइलवर येतो, म्हणजे टोचायचेही कष्ट राहिले नाहीत. मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत कागद वाचण्याचाच पगार घेतला, त्यामुळे बारीक अक्षर दिसले की नजर आपोआप तिकडे वळते. या सवयीपायी वीजबिल वाचत बसलो आणि लक्षात आले की हा नुसता बिलाचा कागद नाही. दिल्ली, मुंबई आणि आपले गाव यांच्यातल्या वाटणीपत्राची ती एक नक्कल आहे. आणि कोणत्याही वाटणीपत्रात असतो तसा इथेही एक भाऊ असा आहे, की नाव आहे पण वाट्याला काही नाही.

आज सुट्टीचा दिवस आहे. बिल हाताशी घ्या, आपण ओळीओळीने वाचू.

एका कागदावर किती सरकारे!

‘वीज आकार’ ही त्यातली मोठी ओळ. आपण जाळलेल्या युनिटांचे हे पैसे. ही वीज कुठून येते? काही राज्याच्या महानिर्मिती कंपनीच्या चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ अशा केंद्रांतून, काही कोयनेतून, काही खासगी कंपन्यांकडून आणि काही केंद्र सरकारच्या एनटीपीसीकडून. एनटीपीसी १९७५ साली स्थापन झाली; म्हणजे वीज तयार करण्याच्या धंद्यात दिल्ली स्वतः उतरली त्यालाही आता अर्धशतक झाले.

त्याखाली ‘वहन आकार’ दिसेल. तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याचे हे भाडे. मग ‘इंधन समायोजन आकार’. कोळसा महागला, वीज बाहेरून चढ्या भावाने घ्यावी लागली, की ही ओळ फुगते. कोळसा मुख्यतः केंद्राच्या कोल इंडियाचा आणि तो वाहणाऱ्या वाघिणी केंद्राच्या रेल्वेच्या. चंद्रपूरच्या बॉयलरमध्ये काय पडते ते दिल्लीवर अवलंबून आणि त्याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात.

आणखी खाली ‘विद्युत शुल्क’. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के लागते. हा राज्य सरकारचा कर आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५३ वी नोंद आहे, तिने विजेच्या वापरावर आणि विक्रीवर कर बसवण्याचा अधिकार राज्याला दिला. हे सगळे दर ठरवणार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. तो १९९९ साली अस्तित्वात आला आणि न्यायालयासारख्या सुनावण्या घेऊन तो निर्णय देतो.

एवढ्या ओळी वाचल्यावर विचारा, यात आपल्या ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे नाव कुठे आहे? कुठेही नाही. पण गल्लीतला दिवा गेला की आपण कुणाच्या दारात जातो? सरपंचाच्या. नळाला पाणी नाही, कारण विहिरीवरचा पंप बंद, कारण बिल थकले. शिव्या कुणाला? सरपंचाला.

बाबासाहेबांनी घातलेला पाया

ही घडी कशी बसली हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. १९१० च्या वीज कायद्याखाली शहराशहरांत खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. त्यांच्या तारा बाजारपेठेतून आणि बंगल्यांतून फिरल्या. खेड्याकडे वळण्याचे त्यांना कारण नव्हते. मुंबईत १९०५ पासून बेस्ट कंपनी वीज देत होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने ती विकत घेतली. शहराने स्वतःची वीज स्वतः वाटायची, याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत आजही बेस्टचीच वीज आहे आणि कित्येक वर्षे विजेच्या पैशातून बसगाड्यांचा तोटा भरून निघत असे.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज हा विषय त्या खात्याकडे होता. युद्धोत्तर विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत तिची पहिली बैठक झाली. मालकी कुणाची, केंद्राची की प्रांताची, यापेक्षा वीज स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटत होता. कारण त्याशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. पुढे घटनेत वीज समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत आली. म्हणजे कायदे केंद्रानेही करायचे आणि राज्यानेही. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत मंडळे स्थापन करण्याची सोय झाली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली आपले वीज मंडळ आले. खेड्यातली माणसे अजूनही त्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. बोर्डाच्या २००५ साली कंपन्या झाल्या, त्यांना महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी भारदस्त नावे मिळाली, पण वायरमन आला की ‘बोर्डाचा माणूस आला’ हेच वाक्य.

बाबासाहेबांचा खेड्यावर विश्वास नव्हता, हेही इथे सांगायला हवे. घटनेचा पायाभूत घटक खेडे नसून व्यक्ती असली पाहिजे, हे त्यांनी घटना समितीत स्पष्ट मांडले होते. जातीच्या उतरंडीत पिचलेल्यांना गावकीच्या हाती सोपवण्याला त्यांचा विरोध होता आणि त्याला अनुभवाचा आधार होता. पंचायतींचा उल्लेख नंतर दुरुस्तीने, मार्गदर्शक तत्त्वांत, ४० व्या कलमात आला. त्यामुळे वीज दिल्ली आणि मुंबईच्या हाती राहिली, यात कुणाचे कारस्थान नव्हते. मोठी धरणे, मोठी केंद्रे, शेकडो मैलांच्या तारा ही कामे गावाच्या आवाक्यातली नव्हतीच.

आजही नाहीत. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांत उत्तर आणि पूर्व भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक माणसांच्या मुलखात अंधार झाला. एका राज्याने जास्त ओढले तर दुसरे बुडते, असा हा एकत्र कुटुंबाचा व्यवहार आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाला जोडले गेले आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रिड झाले. हे जाळे सांभाळायला एक घरचा कर्ता लागतोच. प्रश्न तो नाही. कर्त्याने तिजोरीची किल्ली ठेवावी; पण देवघरातल्या समईचे तेलही त्याच्याकडेच मागायचे का, हा प्रश्न आहे.

जामीनदार मोठे, कर्ज कुणाचे?

वरची दोन सरकारे एकत्र बसली की काय होते, याचा धडा महाराष्ट्राने गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला घेतला. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाशी १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला. खरेदीदार वीज मंडळ. त्याला जामीन राज्य सरकार. आणि राज्य सरकारला प्रतिजामीन केंद्र सरकार! बँकेत आम्ही जामीनदाराची ऐपत तपासत असू. पण कर्ज बुडण्याची शक्यता नसेल तर कुणी जामिनाला जामीन मागत नाही, एवढे शहाणपण शाखेतल्या शिपायालाही असते. १९९५ साली राज्यात सत्ता बदलली, करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन नवा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये मंडळाला पैसे देणे झेपेनासे झाले. हमीचे कागद बाहेर निघाले, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतली मूळ कंपनीही दिवाळखोरीत गेली. ज्या गावांच्या जमिनीवर आणि किनाऱ्यावर हे सारे उभे राहिले, त्यांची सही त्या करारावर कुठेच नव्हती.

नाव सोनूबाई

ही सही मिळण्याची शक्यता खरे तर त्याच सुमारास निर्माण झाली होती. डिसेंबर १९९२ मध्ये संसदेने ७३ वी घटनादुरुस्ती संमत केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. तिने घटनेला अकरावी अनुसूची जोडली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तीत आहेत. त्यातला १४ वा विषय मुद्दाम वाचून पाहावा. ग्रामीण विद्युतीकरण आणि त्यात विजेचे वितरणसुद्धा! १५ वा विषय अपारंपरिक ऊर्जेचा. शहरांसाठी ७४ वी दुरुस्ती आली, तिच्या बाराव्या अनुसूचीत रस्त्यावरचे दिवे आहेत.

वाचताना ऊर भरून येतो. पण बँकेत शिकलेली गोष्ट अशी, की करारातले क्रियापद आधी पाहावे. पंचायतींना हे अधिकार राज्य विधिमंडळ ‘देऊ शकेल’ असे कलम २४३-छ म्हणते. ‘देईल’ असे नाही. एका क्रियापदात सगळा कारभार अडकला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

२००३ च्या वीज कायद्यानेही पाचव्या कलमात गावाची आठवण ठेवली. पंचायती, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत ग्रामीण वितरण सांभाळण्याचे राष्ट्रीय धोरण आखावे, असे ते सांगते. २००६ मध्ये धोरण आले. त्यात पंचायतीच्या पदरी एक काम नक्की पडले. गावात वीज पोचली असा दाखला द्यायचा आणि दरवर्षी ३१ मार्चला त्याची खात्री द्यायची. वितरण कुणाचे, तर कंपनीचे; पैसा कुणाचा, तर केंद्राच्या योजनेचा; आणि शिक्का मात्र ग्रामपंचायतीचा.

सरपंचाची कोंडी

आता गल्लीतल्या दिव्याकडे येऊ. ग्रामपंचायत आपल्याकडून घरपट्टीबरोबर ‘दिवाबत्ती कर’ घेते. नोकरीच्या काळात माझ्या शाखेत अनेक गावांची ग्रामनिधीची खाती होती, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या जोडसहीने चालणारी. वर्षभर ती खाती उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखी कोरडी असत आणि मार्चअखेर वसुलीचा लोंढा आला की चार दिवस वाहत. दुष्काळी गावात माणूस पोटाला चिमटा काढतो, तिथे घरपट्टी कोण भरणार? आणि ज्या सरपंचाला त्याच वाड्यावस्त्यांवर पुन्हा मत मागायचे, तो कुणाच्या दाराला नोटीस चिकटवणार?

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची थकबाकी अशी वर्षानुवर्षे साचत गेली. २०२१ साली अनेक गावांतल्या पथदिव्यांची आणि पाणीयोजनांची जोडणी तोडली गेली. पावसाळ्याच्या तोंडावर गावे काळोखात बुडाली. सरपंच रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे असे, की ही बिले पूर्वी वरून भरली जात, आमच्या गळ्यात ती आता अचानक का? मग पंधराव्या वित्त आयोगाचा निधी या बिलांसाठी वापरण्याचा मार्ग राज्य सरकारने दाखवला.

हा व्यवहार खातेवहीत मांडून पाहा. पैसा केंद्राने गावाला दिलेला. तो कशावर खर्चायचा याचा आदेश राज्याचा. आणि जमा कुणाच्या खात्यात? राज्याच्याच वीज कंपनीच्या. गाव मधल्या मध्ये नुसते पावतीवर सही करणारे. त्या निधीतून गटार व्हायचे होते, अंगणवाडीचे छप्पर व्हायचे होते. कंपनीचेही चूक म्हणता येत नाही. तिने वीज दिली आहे, ती पैसे मागणारच. पण त्याच गावातली घरे विद्युत शुल्क भरतात, ते राज्याच्या तिजोरीत जाते आणि त्यातला ठरलेला वाटा त्या गावाच्या दिव्यासाठी परत येत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ही सरपंचाची गत.

आणि या हिशेबाच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? शिकवणी आटोपून एस.टी.तून उतरणारी मुलगी. बांधावरून येणारा म्हातारा. वर्षानुवर्षे शेतीला थ्री फेज वीज एक पाळी दिवसा, एक पाळी रात्री अशी मिळत आली. रात्रीच्या पाळीत बॅटरी तोंडात धरून दारे धरणाऱ्या माणसाच्या पायाखाली काय आहे, हे पाळी ठरवणाऱ्या टेबलावरून दिसत नाही. गावातला पंच ते पाहू शकतो, पण पाळी त्याच्या हाती नाही.

गावाच्या हाती दिले तर?

यावर कुणी म्हणेल, मग सगळेच गावाला देऊन टाका. तसे सोपे नाही. तो प्रयोग आपण करून पाहिला आहे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ साली स्थापन झाले, तेव्हा देशात पाच ठिकाणी वीज वाटपाच्या सहकारी संस्था उभ्या करण्यात आल्या. त्यातली एक आपली मुळा-प्रवरा, श्रीरामपूरची. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधल्या, उसाच्या पट्ट्यात तिने घरोघरी आणि विहिरीविहिरीवर वीज नेली. ती बोर्डाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना विकायची. पण ग्राहकांत पंपवाले शेतकरी फार. शेतीपंपांचा दर सवलतीचा. ती तूट भरून काढायला शहरात कारखाने आणि दुकाने असतात, वड्याचे तेल वांग्यावर काढता येते. संस्थेच्या हद्दीत असे वडे पुरेसे नव्हते. घाऊक दर परवडत नाही, असे संस्था म्हणायची. पैसे थकवले, असे बोर्ड म्हणायचे. दोन्ही खरे होते. थकबाकी फुगत गेली, परवान्याची मुदत जानेवारी २०११ मध्ये संपली आणि तारा महावितरणकडे गेल्या.

पण त्याच पाचांतली एक बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीला आणि दुसरी तेलंगणात सिरसिल्ल्याला आजही वीज वाटते आहे. हुक्केरीच्या संस्थेची निवडणूक एवढ्या चुरशीने लढवली जाते की आपल्या साखर कारखान्यांची आठवण व्हावी. राजकारण तिथेही आहे. पण वायर तुटली तर ज्याला जाब विचारायचा तो संचालक पुढच्या चौकात भेटतो.

परदेशातला दाखला हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेचा घ्यावा. त्या देशाने १९९६ च्या राज्यघटनेत घरोघरी वीज वाटण्याचे काम नगरपालिकांच्या यादीत टाकले. एस्कॉम ही सरकारी कंपनी वीज बनवते, नगरपालिका ती घाऊक घेऊन विकतात आणि मिळालेल्या नफ्यावर बाकीचा कारभार हाकतात. सुस्थितीतल्या शहरांना हे जमले. गरीब गावांना जमले नाही. त्यांची एस्कॉमकडची थकबाकी अब्जावधी रँडवर गेली. अधिकार दिला आणि ऐपत दिली नाही, तर तो अधिकार ओझे होतो.

आपल्या अंगणातले उत्तर

मधला मार्ग बहुधा छोट्या गोष्टींत आहे. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात आहे. १,९६० मेगावॉटचे ते जलविद्युत केंद्र राज्याने उभारले, राज्यालाच ते शक्य होते, आणि त्यासाठी त्या खोऱ्यातली गावे उठली. त्याच पाटण तालुक्यात मान्याचीवाडी नावाचे एक चिमुकले गाव आहे. सुमारे शंभर घरांचे हे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. घरांबरोबर तिथले रस्त्यावरचे दिवे आणि पाण्याचा पंपही सूर्यावर चालतो. त्यात केंद्र-राज्याच्या योजनांचे पैसे आहेत, महावितरणची मदत आहे. पण गावाने एकत्र बसून ठरवल्याशिवाय सौरग्राम होत नाही.

हाच धागा पुढे न्यावा असे मला वाटते. ग्रिड दिल्लीने सांभाळावे, मोठ्या तारा आणि डीपी कंपनीने. पण गावाचे दिवे आणि पाण्याचा पंप एवढे तरी पूर्णपणे पंचायतीचे असावेत. कुठे किती दिवे, कोणते, सौर की तारेवरचे, हे तिने ठरवावे. त्यासाठी गावातून गोळा होणाऱ्या विद्युत शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने तिच्या खात्यात यावा, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. हिस्सा मिळाल्यावर बिल थकले, तर मग सरपंचाला सबब उरणार नाही. आणि आपल्या बिलावर एक ओळ वाढावी, या शुल्कातला इतका पैसा तुमच्या गावाला गेला. आकडा लहान असला तरी चालेल. ज्याला नावाची ओळ आहे, त्याला जाब विचारता येतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर करण्यासारखी गोष्ट फुकटची आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे गावोगावी ग्रामसभा भरते. पुष्कळ वेळा गणसंख्येअभावी ती तहकूब होते, कारण आपण घरी बसून सुट्टी साजरी करत असतो. पुढच्या सभेला जा आणि तीनच प्रश्न विचारा: आपल्या पथदिव्यांचे वर्षाचे बिल किती? दिवाबत्ती कर किती जमला? आणि उरलेले कुठून भरले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. शहरात राहत असाल तर हेच प्रश्न आपल्या नगरसेवकाला. पहिल्या वेळी बहुधा उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वेळी ग्रामसेवक वही घेऊन येईल.